कारण : विवाह

ब्रह्मा घाट, काशी
१७ मार्च १९९६

प्रिय नीरजा,

तुझं भूगोलाचं पाठ्यपुस्तक मिळालं. पोच द्यायला तीन आठवडे लागले, पण त्याबद्दल माफी मागत नाही, कारण मी रागावले आहे आणि तुझ्यावरच रागावले आहे. याआधी दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं. राग तेवढाच आहे, अक्षर तेवढं जरा सुधारलं आहे. पुढच्या सोमवारी, म्हणजे पंचवीस तारखेला, मला माझ्या सर्वेक्षणाच्या वहीतल्या सेहेचाळीस ओळी खोडून वही कॉलेजात परत द्यायची आहे. खोडल्या तर पास, नाही तर प्रात्यक्षिकात नापास आणि वर्ष पाण्यात. हे सगळं तुझ्या पुस्तकातल्या एका वाक्यामुळे झालं असं म्हणणार नाही, पण त्या वाक्याचा यात मोठा हात आहे. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

अडतिसाव्या वर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्गात बसणं काय असतं ते तुला ठाऊक नाही. बाकावरच्या मुली मला आंटी म्हणतात आणि नोट्स मात्र माझ्याच उतरवतात. मी शिकवते त्या शाळेच्या बाईंनी गेल्या उन्हाळ्यात सरळ सांगितलं की पदवी आणा, कायम करते. नाही तर अकरा वर्षं जशा तात्पुरत्या आहात तशाच राहा. भूगोलाला प्रात्यक्षिक असतं, म्हणून घरी अभ्यास करून नुसतं परीक्षेला बसता येत नाही, रोज वर्गात जावं लागतं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, वहिनी, संस्कृत घ्या, शास्त्र्यांच्या घरातल्या तुम्ही, हसत पास व्हाल. मी भूगोलच घेतला. का, ते निदान तुला तरी सांगायला नको. वाईच्या कॉलेजात जून ते नोव्हेंबर जो विषय शिकले तो अर्धा राहिला होता, आणि भरल्या ताटावरून उठवलेल्या माणसाला भूक त्याच ताटाची राहते.

आणि खरं सांगते, मानवी भूगोलाने मला वेड लावलं. माणसं नदीकाठी का राहतात, बाजार चौकातच का भरतो, एका गावचे लोक परगावी गेले तरी एकाच गल्लीत का राहतात, असले प्रश्न कुणी परीक्षेत विचारतं, याचंच मला नवल. वीस वर्षं मी या गल्लीतून भाजीच्या पिशव्या घेऊन ये-जा केली, पण तिच्याकडे बघायला शिकले या वर्षी. दिवाळीनंतर आमच्या मॅडमनी प्रत्येकीला आपापल्या मोहल्ल्याच्या स्थलांतराचं सर्वेक्षण दिलं. घरं किती, कोण कुठून आलं, कधी आलं, कशासाठी. मी ब्रह्मा घाटापासून संकठा घाटापर्यंतची एकतीस मराठी घरं घेतली.

आता माझी स्वतःची लाज सांगते, म्हणजे नुसती तुझ्यावरच भडकले असं तुला वाटायला नको. पहिल्या रविवारी मी अकरा घरं केली आणि अकराही घरांपुढे स्थलांतर शून्य लिहिलं. दारात गेलं की कर्ता पुरुष पुढे येतो, आणि मी वहीवर मान घालून त्यालाच विचारत गेले. वेणीमाधवकाका छाती काढून म्हणाले, "अगं सूनबाई, आपण पेशव्यांच्या जमान्यापासून इथलेच. ना कहीं आए, ना कहीं गए." मी तसंच उतरवून घेतलं. पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या मागे उभ्या असलेल्या काकू मिरजेच्या, हे मला माहीत होतं, तरी नाही लिहिलं. बाराव्या घरी, म्हणजे आमच्या घरी, मी कुणाला विचारायच्याही भानगडीत पडले नाही. शून्य लिहून मोकळी झाले. नीरजा, मी वाईची. माझ्याच हाताने मी माझ्या घरापुढे शून्य लिहिलं, वर पट्टीने रेघ मारली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

ते माझ्या ध्यानात आलं पुढच्या शुक्रवारी, संकठा देवीच्या देवळात. आमच्या बायका शुक्रवारी तिथे जमतात, ओटी भरतात आणि मग पायरीवर बसून तासभर बोलतात. त्या दिवशी मी नुसती ऐकत बसले होते. एक नागपूरकडचं ओढून बोलत होती, एकीचं कोल्हापूरकडचं खणखणीत, एकीच्या बोलण्यात इंदुराकडचं गोड हिंदी मिसळलेलं, आणि मिरजेच्या काकू तीस वर्षांनंतरही "काय बाई हे" असा हेल काढून म्हणत होत्या की डोळे मिटले तर कृष्णाकाठ. पायरीवर चौदा बायका होत्या आणि काशीत जन्मलेली त्यात एकही नव्हती. इथली मराठी घरं मोजकी, सगळी एकमेकांच्या नात्यातली, त्यामुळे सून नेहमी बाहेरून आणतात आणि लेक नेहमी बाहेर देतात. म्हणजे ज्या घरांना मी शून्य दिलं, त्यातलं एकही घर बाहेरून आलेल्या बाईशिवाय उभं नाही. मी घरी येऊन सगळे कागद फाडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

नवा तक्ता मी स्वतः आखला. पुरुषांना एक ओळ, आणि लग्न करून आलेल्या प्रत्येक बाईला क्रमांक घातलेली स्वतंत्र ओळ, अशा बायकांच्या सेहेचाळीस. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात माहेरचं नाव. हा दुसरा रकाना आमच्या वर्गातल्या मुलींना समजेचना. त्यांच्याकडे आडनाव बदलतं, पण बोहल्यावरून उतरलेल्या मुलीचं पाळण्यातलं नावसुद्धा ताटातल्या तांदळात बोट फिरवून बदलून टाकतात हे ऐकून त्या थक्क झाल्या. पुढे गाव, आल्याचं वर्ष, येतानाचं वय, शिक्षण, कोणी ठरवलं, अंतर. अंतर मी शाळेतल्या भिंतीच्या नकाशावर दोऱ्याने मोजलं. एक टोक आमच्या ह्यांनी काशीवर धरलं आणि दुसरं मी फिरवलं. बायकांचं सरासरी अंतर हजार किलोमीटरच्या वर निघालं. पुरुषांचं सरासरी स्थलांतर माजघरातून ओसरीपर्यंत. आणि शेवटी नववा रकाना, ज्याच्यावरून एवढं रामायण झालं. इथे यायच्या आधी काय चाललं होतं आणि ते तिथेच राहिलं का, एवढंच मी त्यात विचारलं होतं.

बायकांना आधी हसू आलं. मग एकेक बोलायला लागली. एकीची सातवीची परीक्षा दोन विषय होऊन राहिली होती. इंदूरची सुरेख गोरी वहिनी कचेरीत टंकलेखक होती, मिनिटाला पन्नास शब्द; अजून ती पोळपाटावर बोटं नाचवते ते मी पाहिलं आहे, मला वाटायचं सवय आहे. मिरजेच्या काकूंनी हार्मोनियम सांगितली. एकीने म्हैस सांगितली, आणि सांगताना इतकी रडली की मला पुढचं घर त्या दिवशी करता आलं नाही. मी सगळं लिहिलं, अगदी म्हैससुद्धा. सेहेचाळिसाव्या ओळीत मी आहे. माहेरचं नाव सुरेखा, गाव वाई, वय एकोणीस. नवव्या रकान्यात लिहिलं, बी.ए. पहिलं वर्ष, भूगोल.

तोंडी परीक्षा गुरुवारी होती. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, सभ्य, मला आधी पाणी देऊन मग प्रश्न विचारणारे. नकाशा बघून खूश झाले, दोऱ्याच्या मापाला तर वा म्हणाले. मग तक्ता उलगडला आणि चष्मा काढला. "बहनजी, यह तो शादी है. इसमें माइग्रेशन कहाँ है?" मी सांगायला लागले, तर नवव्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "और यह तो रोना-धोना है, भूगोल नहीं." आमच्या मॅडम शेजारी बसून टेबलावरचा पेपरवेट फिरवत होत्या. शेवटी परीक्षकांनी माझी संदर्भसूची काढली. त्यात सगळ्यात वर मी तुझं पुस्तक घातलं होतं. त्यांनी विचारलं, ही कुठली भाषा? मी फुगून सांगितलं, मराठी, आणि लेखिका माझी वर्गमैत्रीण आहे. ते हसून म्हणाले, "अच्छा, तो देखें, आपकी सहेली क्या कहती हैं."

इथे माझा दुसरा गुन्हा कबूल करते. तुझं पुस्तक हाती पडलं तेव्हा परीक्षेची धांदल होती, मी पाचव्या प्रकरणापर्यंतच पोचले होते. स्थलांतराचं सातवं वाचायच्या आधीच मोठेपणा मिरवायला ते सूचीत घातलं आणि परीक्षेला बरोबरही नेलं. त्यामुळे परीक्षकांनी पान काढायला लावलं तेव्हा मी ते तुझ्यावर भरवसा ठेवून उघडलं आणि मोठ्याने वाचलं. पान एकशे बारा, ओळ सहावी. "विवाहानिमित्त होणारे स्त्रियांचे स्थलांतर हे नैसर्गिक स्वरूपाचे असल्याने प्रस्तुत विवेचनातून वगळले आहे." मराठीत वाचलं, मग त्यांच्यासाठी हिंदीत सांगितलं. नैसर्गिक या शब्दाशी माझी जीभ अडली, पण तोवर वाक्य निम्म्यावर आलं होतं आणि थांबायला जागा नव्हती. त्यांनी पुस्तक अलगद मिटून माझ्या हातात दिलं. स्त्रियांच्या ओळी खोडा, नववा रकाना काढा, दहा दिवसांत वही परत आणा, नकाशाचे गुण पूर्ण देतो म्हणाले.

नैसर्गिक म्हणजे काय गं? गंगेला पूर येतो ते नैसर्गिक. मला वाईहून इथे कुठल्या पुराने आणलं? तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते, कारण तू तिथे होतीस. शहात्तरच्या उन्हाळ्यात माझे वडील, अण्णा, आजोबांचं श्राद्ध करायला काशीला आले, दशाश्वमेधावर स्नान केलं, पाच दिवस नरहरशास्त्र्यांकडे उतरले. शास्त्र्यांचा मुलगा रेल्वेत लागलेला होता. अण्णांनी वाईला परत येताना गंगेचा गडू आणला आणि माझं लग्न आणलं. गडू मावंद्यापर्यंत झाकून ठेवला होता, आणि लग्नही. मावंद्याच्या पंगतीत, पाठीमागे ब्राह्मण बसलेले असताना, गडूची पूजा झाल्यावर अण्णांनी सांगितलं की सुरेखा काशीला द्यायची ठरवली आहे, तुळशीचं लग्न झालं की. सगळे म्हणाले, केवढं पुण्य. तू माझ्या शेजारच्या पानावर होतीस. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझी पुरणपोळी तशीच टाकून उठलीस. माझ्या आईला वाटलं तुला बरं नाही. त्या दिवशी तुला ते नैसर्गिक वाटलं नव्हतं, नीरजा. मग कधीपासून वाटायला लागलं?

आणखी एक गोष्ट आहे, जी मी वीस वर्षं गमतीची म्हणून जपली होती. तू वर्गाची प्रतिनिधी होतीस. मी इथे आल्यावर तुझं पहिलं पत्र आलं त्यात होतं की सरांनी हजेरीपट तुझ्याकडून नीट करून घेतला, आणि माझ्या नावावर रेघ मारून पुढे काय लिहायचं म्हणून तू विचारलंस, तर सर म्हणाले, लिही, नाव कमी, कारण विवाह. तू लिहिलंस आणि खाली तारीख घातलीस. तेव्हा मी ते वाचून हसले होते. आता कळतं की हे दोन शब्द लिहिले की पुढे कोणी काही विचारत नाही. दुष्काळ लिहा, विचारतील किती पाऊस झाला. गिरणी बंद लिहा, विचारतील किती कामगार. विवाह लिहिलं की रकाना भरला. तू त्या दिवशी हजेरीपटात जे लिहिलंस तेच वीस वर्षांनी पुस्तकात लिहिलंस, फक्त आता ते हजारो मुली पाठ करणार आहेत. आणि जी प्रात्यक्षिकाची वही मी जाताना तुला देऊन गेले, जिच्यावर तू तुझी पहिली नकाशा-आखणी शिकलीस, ती तरी तुला लिहिताना आठवायला हवी होती. हे मी टोमणा म्हणून लिहिते आहे. टोमणाच समज.

माझा राग एकटीचा असता तर मी गिळला असता. गिळायची सवय आहे. पण माझ्या तक्त्यात एकतिसावी ओळ आहे. आमच्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, सगळी गल्ली त्यांना गंगाबाई म्हणते. मी विचारलं, आई, तुमचं गाव कुठलं? म्हणाल्या, "हेच की. ब्रह्मा घाट." मी म्हटलं, त्याच्या आधीचं? त्या वाती वळत राहिल्या. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, नेवाश्याजवळ, गोदेच्या काठी. अकराव्या वर्षी आल्या. माहेरचं नाव विचारलं तर म्हणाल्या, ते कशाला आता. पण दोन दिवसांनी, मी तांदूळ निवडत असताना, आपणहून जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लिही. गोदावरी. गोदू म्हणायचे." काशीच्या सासऱ्यांनी गोदावरीची गंगा केली, आणि त्यानंतर सदुसष्ट वर्षं त्यांना गोदू म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नाही. मी लिहिलं तेव्हा त्यांनी वही आपल्याकडे वळवून घेतली आणि त्या अक्षरांवर बोट फिरवलं. त्यांना वाचता येतं जेमतेम, पण हे वाचलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की विचारतात, "माझं नाव गेलं का कालेजात?" त्यांची समजूत अशी की ते तिथे कुठेतरी कायमचं नोंदलं जाणार आहे. वही सादर केली त्या दिवशी मी हो म्हटलं. गुरुवारी वही परत घेऊन आले आणि तरीही हो म्हटलं.

आमचे ढुंढिराज माणूस चांगले. दोरा धरला, जानेवारीत बारा घरी माझ्याबरोबर आले. ते म्हणाले, "काटून दे ना, एक कॉलमच तर आहे. डिग्री जरूरी आहे की कॉलम?" मी म्हटलं, ज्यांच्या ओळी काटायच्या त्यात तुमच्या आई आहेत. त्यांना त्यांच्या आईचं नाव गोदावरी होतं हे त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ते उठून बाहेर गेले आणि घाटावर जाऊन बसले. मला रागातही थोडं समाधान वाटलं, ते लपवत नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. तुझ्या पुस्तकाबरोबर कार्ड होतं की दुसरी आवृत्ती जूनमध्ये निघते आहे, छपाईच्या चुका आढळल्या तर एप्रिलपर्यंत कळव, तुझी नजर पहिल्यापासून बारीक. कळवते. पान एकशे बारा, ओळ सहावी, संपूर्ण. बाकी पुस्तक स्वच्छ छापलं आहे. परीक्षकांना दोन ओळी लिही असं मी मुळीच म्हणत नाही. सोमवारी मी वही आहे तशीच देणार आहे, एकही ओळ न खोडता. नापास झाले तर शाळेत आणखी वर्षभर तात्पुरती राहीन आणि पुढच्या मार्चमध्ये हीच वही घेऊन पुन्हा बसेन. सोबत माझ्या तक्त्याचा एक कोरा कागद जोडला आहे, त्याच्यावर मी क्रमांक घातला आहे सत्तेचाळीस. तो तुझा. तू बोहल्यावर नाव बदलू दिलं नाहीस, याचा मला केवढा अभिमान आहे, त्यामुळे दुसरा रकाना तुला सोपा जाईल. पण तूही लग्न करून वाईहून सोलापूरला गेलीस, आणि पुण्याला संशोधनाची जागा मिळालेली असताना गेलीस. ते तू मला चौऱ्याऐंशी साली आंतर्देशीय पत्रात एका ओळीत कळवलं होतंस, आणि पुढे लिहिलं होतंस, असो. तो कागद भरून मला पाठव, म्हणजे मी तुला माफ करायला लागेन. नववा रकाना नीट भर. तिथे असो लिहू नकोस.

तुझीच,
सुरेखा
(ओळ सेहेचाळीस)